हात लहान असतील तर पहिलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल छोटं आणि हलकंच घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की हात लहान आहेत, मनगट बारीक आहे, रेंजवर नेमबाजीसाठी आणि घरी ठेवण्यासाठी पहिलं पिस्तूल घ्यायचंय, आणि ‘सगळे म्हणतात .३८० चं छोटं, हलकं घे’ (.३८० आणि ९ मिमी ही काडतुसांची नावं, त्यातलं ९ मिमी जास्त ताकदीचं). शिवाय वेगळी सेफ्टी, म्हणजे पिस्तूल चुकून सुटू नये म्हणून बाहेर असणारा खटका, हवी की नको, हेही विचारलंय. हे ‘सगळे’ कोण असतात ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या घरी त्यांना भाऊजी म्हणतात.

उत्तर आधी देऊन टाकते: छोटं घेऊ नका. हाताला बसणारी मूठ शोधा, पिस्तूल मोठं निघालं तर निघू द्या. आता कारण सांगते, आणि ते जरा लांबेल.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शस्त्रांची आवड कॉलेजपासूनची, माहिती भरपूर, आणि ती कुणी न विचारता देण्याचा उत्साह त्याहून जास्त. मी नेमबाजी शिकायचं ठरवलं, परवान्याचे कागद हलवायला लागले, तेव्हा पिस्तूल कोणतं घ्यायचं हे मी सोडून सगळ्यांनी ठरवायला घेतलं. भाऊजींचा निकाल तर आधीच लागला होता. “वहिनी, तुम्हाला खिशातलं .३८०. हलकं, देखणं, पर्समध्ये मावेल. ९ मिमी तुम्हाला झेपणार नाही.” झेपणार नाही, हे माझा हात न बघता ठरलेलं.

ते स्वतःचं तसलं पिस्तूल घेऊन रेंजवर आले. दिसायला खरंच सुरेख. मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढायला गेले तर ती अर्ध्यावरच अडली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. भाऊजी हसले आणि म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं? तुमच्यासाठी रिव्हॉल्व्हरच बरं.” म्हणजे पिस्तूल त्यांनी निवडलेलं, अडलं ते पिस्तूल, आणि दोष माझ्या मनगटाचा.

आता यात गंमत अशी आहे की त्या छोट्या पिस्तुलाची स्लाइड जड असण्याला चांगलं यांत्रिक कारण आहे, आणि ते भाऊजींना माहीत असायला हवं होतं. .३८० ची बरीच छोटी पिस्तुलं ‘ब्लोबॅक’ असतात. त्यांच्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. गोळी सुटताना मागे येणारा दाब थोपवायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण. पिस्तूल छोटं करायचं म्हणजे स्लाइड हलकी होणार, मग स्प्रिंग कडक करावी लागणार. ती कडक स्प्रिंग तुमच्या-माझ्या बोटांना भारी पडते.

९ मिमीची बहुतेक पिस्तुलं वेगळ्या रचनेची असतात, ‘लॉक्ड ब्रीच’. जॉन ब्राउनिंगनं रूढ केलेली कल्पना. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकत्र थोडी मागे सरकतात, तेवढ्यात गोळी बाहेर पडून दाब उतरतो, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. सगळा भार स्प्रिंगवर नसल्यामुळे ती तितकी कडक ठेवावी लागत नाही. त्यामुळे काडतूस जास्त ताकदीचं असूनही मोठ्या ९ मिमीची स्लाइड छोट्या .३८० पेक्षा हलकी लागू शकते. बहुतेकांना हे उलटं वाटतं. दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून वादात न पडता हातात घेऊनच बघा.

धक्क्याचंही तसंच. ९ मिमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची, सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगानं निघते. तेच काडतूस ८०० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडलं आणि ४०० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडलं, तर हलक्या पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हातात येणारी धक्क्याची ऊर्जाही दुप्पट. हे शाळेतल्या विज्ञानाचं गणित आहे, त्याला बाई-पुरुष कळत नाही. हलकं पिस्तूल बाळगायला सोपं आणि झाडायला त्रासाचं, एवढाच त्याचा अर्थ. भाऊजींचं .३८० तर करंगळीला जागा न देणारं. स्लाइडही इतकी खाली की अंगठा आणि तर्जनीमधली कातडी सोलून निघाली. “सवयीनं होतं,” इति भाऊजी.

मग आमचे कोच आले. वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी माझ्यापुढे पूर्ण आकाराचं, पोलादी फ्रेमचं (फ्रेम म्हणजे मूठ आणि स्लाइडखालचा सांगाडा), जवळजवळ किलोभर वजनाचं ९ मिमी ठेवलं. भाऊजींनी भुवया उंचावल्या. कोचनी मला एकच गोष्ट बदलायला लावली: स्लाइड बोटांच्या चिमटीत धरून ओढायची नाही. पिस्तूल छातीजवळ आणायचं, डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर आवळायचा, आणि उजव्या हातानं फ्रेम पुढे ढकलायची. नळी टार्गेटच्याच दिशेनं राहील असं अंग वळवून उभं राहायचं, बोट ट्रिगरच्या बाहेर. खांद्याचा आणि पाठीचा जोर लागतो, बोटांचा नाही. स्लाइड सरकन मागे आली. बाहेर हॅमर (मागची छोटी हातोडी) असलेलं पिस्तूल असेल तर आधी हॅमर अंगठ्यानं मागे घ्यायचा, स्लाइड आणखी हलकी होते, कारण मग हॅमर ताणायचं काम तिच्याकडे उरत नाही. हे कुणी सांगत नाही. थेट रिव्हॉल्व्हरवर येतात.

मी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, संपवलं. काळं वर्तुळ सोडून एकही गोळी बाहेर नव्हती. हे मी जरा अभिमानानं सांगतेय, सांगू द्या.

भाऊजी म्हणाले, जड पिस्तुलानं कुणीही मारेल. कोच म्हणाले, “बरं, तुम्ही तुमच्यानं मारा.” आणि त्यांचं मॅगझिन स्वतः भरून दिलं. त्यात मध्येच एक-दोन डमी काडतुसं घातली होती. डमी आली की पिस्तूल नुसतं ‘टक’ करतं, धक्का नसतो, आणि झाडणाऱ्याचा हात गोळी सुटण्याआधी काय करतो ते उघडं पडतं. भाऊजींच्या पिस्तुलाची नळी त्या ‘टक’वर चांगली दोन बोटं खाली गेली. म्हणजे इतकी वर्षं ते हलकं पिस्तूल झाडून झाडून धक्क्याची वाट बघायची सवय हाताला लागली होती. टार्गेटवर गोळ्या खाली आणि डावीकडे विखुरलेल्या. भाऊजी म्हणाले डोळ्यावर उजेड येत होता. रेंज बंदिस्त होती, आणि दिवे सगळे डोक्याच्या मागे.

तो वाद अजून संपलेला नाही. घरात कार्य असलं की ते कुणा पाहुण्याला सांगतात, “वहिनींना आपलं मोठंच आवडतं.” आवडतं म्हणून नाही हो, कारण आहे म्हणून.

तर तुम्ही दुकानात काय बघायचं? मुठीला पंजा मारा, अंगठा आणि तर्जनीमधला भाग शक्य तितका वर, नळी हाताच्या रेषेत सरळ. आता तर्जनी ट्रिगरवर (आधी तुम्ही स्वतः मॅगझिन काढून, स्लाइड मागे घेऊन, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटानं तपासल्यावर, दुकानदारानं परवानगी दिल्यावर). बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर आरामात पोचला पाहिजे. त्यासाठी पूर्ण पंजा फिरवावा लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, कितीही नावाजलेलं असो. मॅगझिनचं बटण अंगठ्याला मिळतं का ते बघा. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना मुठीचा मागचा तुकडा बदलता येतो, सगळ्यात लहान तुकडा लावून मागा.

काही उदाहरणं देते, म्हणजे कल्पना येईल. बेरेटा ९२ ची मूठ जाड आणि पहिल्या गोळीला ट्रिगर लांब, लहान हाताला अवघड. १९३५ चं ब्राउनिंग हाय-पॉवर १३ गोळ्यांचं असूनही मुठीला सडपातळ. सीझेड ७५ हातात सुंदर बसतं, पण त्याची स्लाइड फ्रेमच्या आतून सरकते, त्यामुळे बाहेर पकडायला पोलाद थोडंच उरतं, ओलसर हातानं ते जाणवतं. १९११ वजनाला किलोच्या वर, पण मूठ सपाट आणि ट्रिगर जवळ. ग्लॉक १७, जे ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये निवडलं, हलकं आणि साधं, फक्त मूठ चौकोनी वाटते. काहींना ती अजिबात सोसत नाही. स्मिथ अँड वेसनची ‘ईझेड’ नावाची पिस्तुलं मुद्दाम स्लाइड हलकी ठेवून केलेली आहेत. तुमच्या जागी मी तीही एकदा हातात घेईन.

सेफ्टीबद्दल. मला अंगठ्याची सेफ्टी आवडते, पण माझ्या आवडीला फार किंमत देऊ नका. ग्लॉकसारख्या पिस्तुलात बाहेर खटका नसतो, ट्रिगरमध्ये छोटी पट्टी आणि आत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवणारी यंत्रणा असते. पडल्यावर सुटू नये याची सोय आहे, ट्रिगर दाबला तर सुटणारच. खटका असेल तर तो प्रत्येक वेळी लावायची-काढायची सवय हाताला लागेपर्यंत सराव करणार का, हे स्वतःला विचारा. नसेल करणार तर खटका नसलेलं घ्या आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर घ्या. आणखी एक, ग्लॉक उघडून साफ करताना ट्रिगर दाबावा लागतो. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबर बघायचं, याच क्रमानं. उलट केलंत तर स्लाइड मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवते. भाऊजी ‘मॅगझिन काढलंय, रिकामं आहे’ म्हणत पिस्तूल टेबलावर ठेवतात. आमचं सगळ्यात मोठं भांडण त्यावरूनच झालंय आणि त्यात माघार घेण्याचा माझा विचार नाही. मॅगझिन नसताना न सुटणारी पिस्तुलं आहेत, हाय-पॉवर त्यातलंच, पण बहुतेक पिस्तुलं सुटतात.

भाऊजींवर अन्याय नको म्हणून सांगते: .३८० ची सगळीच पिस्तुलं ब्लोबॅक नसतात, लॉक्ड ब्रीचची मऊ स्लाइडवालीही मिळतात. आणि बोटांचा संधिवात असेल, हाताची शस्त्रक्रिया झाली असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तेच बघा. कायद्यानं अंगावर लपवून बाळगायची मुभा असेल आणि तेच करायचं असेल, तर लहान पिस्तुलाला अर्थ आहे, कारण मोठं कपाटातच राहतं. पण तुम्ही रेंज आणि घर लिहिलंय.

विकत घेण्याआधी रेंजवरची तीन-चार पिस्तुलं भाड्यानं झाडा. घेतल्यावर जी काडतुसं घरी ठेवणार, तीच दोनेकशे तरी झाडून बघा, आणि दोन मॅगझिन असतील तर दोन्हींवर वेगवेगळी खूण करा, म्हणजे अडकलं तर कोणत्या मॅगझिनमध्ये अडकलं ते कळेल. मनगट ढिलं सोडलं तरी अडकतं, हलक्या फ्रेममध्ये जास्तच, म्हणून आधी पकड तपासा आणि मग पिस्तुलाला नावं ठेवा.

परवाना तुमच्या नावाचा, पिस्तूल तुमच्या नावाचं. ‘मी घेतो, तुला देतो’ हे बऱ्याच ठिकाणी सरळ गुन्हा ठरतं, कितीही मायेनं म्हटलेलं असो.

घरी ठेवणार असाल तर कुलपाची पेटी आधी घ्या, पिस्तूल नंतर. काडतुसं वेगळ्या कुलपात. पोरांना पेटीचा आकडा माहीत नाही, असं गृहीत धरू नका, त्यांना सगळं माहीत असतं. आणि घरात कुणी खूप खचलेलं असेल, तुम्ही स्वतः का असेना, तर शस्त्र घरात आणूच नका. आधीच असेल तर रेंजच्या लॉकरमध्ये किंवा कायद्यानं चालेल अशा जागी ठेवा. खरेदी पुढे ढकलली तर काही बिघडत नाही, तोवर रेंजवरच्या पिस्तुलांनी सराव करता येतो.