सोसायटीच्या गणपतीत बालनाट्य बसवताय ना?

ताई, पहिलंच नाटक आहे तर वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. लाइट्स आणि नेपथ्याच्या मागे यंदा लागूच नका.

खरी मेहनत आवाजावर घ्या. घरात पोपटासारखी बोलणारी मुलं स्टेजवर वाक्याचा शेवट गिळतात. तालमीला शेवटच्या खुर्चीत बसा आणि ऐकू आलं नाही की नुसता हात वर करा. ओरडायला लावू नका, घसे बसतात. माइक टांगलेत म्हणून निर्धास्तही राहू नका. शेजारच्या मंडळाचा ढोल सुरू झाला की संपलं!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सगळी मुलं एका रांगेत उभी.
- प्रेक्षकांना पाठ. थोडं तिरकं उभं केलं, की समोरच्याशी बोलतानाही चेहरा दिसतो.
- प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवणं. मग सगळी तुमच्यासारखीच बोलतात. त्यापेक्षा विचारा, 'तुझा ससा आत्ता का पळतोय?' उत्तरं ऐकण्यासारखी असतात.
- हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य रेटणं.

विंगेत (स्टेजच्या कडेला, पडद्याआड) विसरलेलं वाक्य हळूच सांगणारा प्रॉम्प्टर ठेवा, पण कुणाची आई नको. पोर तिच्याकडेच बघत राहतं. शेवटच्या दोन तालमी पूर्ण कपड्यांत घ्या. शेपटी लावून खाली बसता येत नाही, हे प्रयोगाच्या दिवशी कळायला नको.