माइक असतानाही उपदेशक ओरडून का बोलतात? त्यात खरंच जास्त सामर्थ्य असतं का?

आपण लिहिलंय की चर्च लहान आहे, माइक आहे, तरी नवे पाळक तासभर ओरडून उपदेश करतात. मुलं कानांवर हात ठेवतात आणि कुणी काही बोललंच तर ‘आत्म्याला विझवू नका’ (म्हणजे पवित्र आत्म्याचं काम अडवू नका) हे बायबलमधलं वचन ऐकावं लागतं. मी पाळक नाही. पण आमचे पाळकसाहेब बाहेरगावी असले की गेली बरीच वर्षं वचन सांगायला मी उभा राहतो, आणि हा प्रश्न मलाही पडून गेलाय.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मोठा आवाज वेगळा आणि आत्म्याचं सामर्थ्य वेगळं.

एके काळी मोठ्या आवाजाची गरज होती. १७३९ मध्ये इंग्रज उपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडला कोळसा खाणीतल्या मजुरांना उघड्या मैदानात उपदेश करू लागले. पुढे ते अमेरिकेत फिलाडेल्फियात बोलत असताना तिथले छापखानदार आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन गर्दीतून मागे मागे सरकत गेले, आवाज कुठवर पोचतो ते पाहिलं आणि तीस हजारांहून जास्त माणसांना ऐकू जाईल असा हिशेब मांडला. पण फ्रँकलिननी नोंद केली ती नुसत्या मोठ्या आवाजाची नाही. व्हिटफील्ड प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारत, हेही त्यांनी लिहिलंय. याच्या उलट त्याच काळातले अमेरिकेतले पाळक जोनाथन एडवर्ड्स. त्यांचा आवाज मोठा नव्हता. तरी १७४१ मध्ये एनफिल्डला त्यांचा उपदेश चालू असताना लोक एवढे रडू-ओरडू लागले की त्यांना थांबावं लागलं. तिथे ओरडत होती ती मंडळी, उपदेशक नव्हे.

आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली! हा माणूस आयुष्यभर उघड्यावर बोलला. त्यांनी १७७५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या एका उपदेशकाला पत्रातून कडक ताकीद दिली, की यापुढे किंचाळू नको, त्यात तुझ्या आत्म्याला धोका आहे. मनापासून बोल, पण आवाज आवरून बोल. ‘तो ओरडणार नाही’ हे प्रभूविषयीचं वचन (मत्तय १२:१९) त्यांनी त्याला दाखवलं. मी स्वतः पुष्कळदा मोठ्याने बोलतो, पण किंचाळत कधीच नाही, असंही त्यांनी लिहिलं. आपल्या पाळकांना ‘विझवू नका’ म्हणायचं असेल, तर वेस्लींच्या मंडळींत आत्म्याचं काम कमी होतं का, हा विचार त्यांनी जरूर करावा.

आता आपल्या भाषेतली एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. दहा आज्ञा आठवून पाहा: खून करू नको, चोरी करू नको. ओरडणारा माणूस वाक्याच्या सुरुवातीलाच सगळा श्वास खर्च करतो, शेवटी आवाज पडतो आणि ‘नको’ गिळला जातो. शिवाय ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं दबतात. वर पत्र्याचं छप्पर असेल तर आवाज घुमून उरलेले शब्दही एकमेकांत मिसळतात. मी एका रविवारी ‘भिऊ नको’ या वचनावर अगदी घसा फाटेस्तोवर बोललो होतो. उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक आजी सलाम करून म्हणाल्या, “बाळा, भ्यायचं का नाही भ्यायचं, तेवढं सांग.” त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. त्यांच्या घरात तेव्हा आजारपण होतं आणि त्या ते एक वचन ऐकायलाच आल्या होत्या. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

सगळाच मोठा आवाज वाईट, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांत उपदेश संथपणे सुरू होतो, मंडळी साद देत जाते आणि शेवटी तो जवळजवळ गाण्यात शिरतो. ती पिढ्यान्‌पिढ्या घडलेली कला आहे. आपल्याकडचे पुष्कळजण यूट्यूबवर शेवटची दहा मिनिटं पाहतात आणि तीच पहिल्या वाक्यापासून लावतात. चढायला खालची पायरीच ठेवत नाहीत. हे आपल्या कीर्तनकारांना नीट ठाऊक होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, त्यातही निरूपण, अभंग, मधली शांतता असं सगळं असतं.

आपण पंचांच्या सभेत हा विषय काढू नका. पाळकसाहेबांना चारचौघांत ते लागेल. पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा, उपदेशातली कोणती वाक्यं शेवटपर्यंत ऐकू आली ती लिहून घ्या आणि आठवड्यात एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन कागद त्यांच्यापुढे ठेवा. आवाजाविषयी काही बोलू नका. एवढंच म्हणा, “साहेब, ही वाक्यं मिळाली, बाकीची हवी होती.”