तैवान ‘स्वायत्त’ की ‘स्वशासित’?

दादरच्या एका ताई बातम्यांचं भाषांतर करतात. तैवानवरच्या मजकुरात त्यांनी ‘स्वशासित बेट’ लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते पुस्तकी वाटतं म्हणून खोडलं आणि ‘स्वायत्त बेट’ केलं. दोन्ही एकच ना, असं त्या विचारतात.

व्युत्पत्ती वरिष्ठांच्या बाजूने आहे. ‘आयत्त’ म्हणजे अधीन, ताब्यातलं. स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच ताब्यात असलेलं. तैवानचं सैन्य स्वतःचं, चलन स्वतःचं, १९९६ पासून राष्ट्राध्यक्षही लोकांच्या थेट मतांनी निवडला जातो. मग बिघडलं कुठे?

बिघडलं वापरात. मुंबईत ‘स्वायत्त’ म्हटलं की आधी कॉलेज आठवतं. माझी भाची अशाच एका कॉलेजात शिकली. अभ्यासक्रम कॉलेजचा, पेपर कॉलेजचे, तपासणीही तिथलीच. पदवीचा कागद घरी आला तेव्हा मात्र वर ठळक अक्षरांत मुंबई विद्यापीठ! आपल्या कानाला स्वायत्तता अशी लागते: कारभार तुमचा, पण वर कुणीतरी बसलेलं आहे आणि ही मोकळीक त्याने दिलेली आहे. हाँगकाँगला म्हणूनच हा शब्द चपखल बसतो. १९८४ च्या चीन-ब्रिटन जाहीरनाम्यात त्याला स्वायत्ततेचंच वचन होतं (आता त्यातलं किती उरलंय ते सोडा). तैवानवर मात्र आजच्या चिनी सरकारची सत्ता एक दिवसही नव्हती. त्याला स्वायत्त म्हटलं, की वरचं ठळक नाव बीजिंगचं हे आपण न बोलता कबूल करून टाकतो. ‘स्वशासित’ फक्त कारभार कोण पाहतं ते सांगतो, मालकीबद्दल चकार शब्द काढत नाही. बातमीला तेच हवं. फारच पुस्तकी वाटला तर ‘स्वतःचा कारभार चालवणारं बेट’ लिहा.

‘सार्वभौम’ लिहिलंत तर दुसऱ्या बाजूचा निकाल दिलात. तसा हा शब्द गमतीचा. मूळ अर्थ सगळ्या भूमीचा धनी, चक्रवर्ती. आज प्रशांत महासागरातलं नाउरू सार्वभौम आहे: २१ चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चार वेळा मावेल एवढं. संयुक्त राष्ट्रांत त्याला खुर्ची आहे. सव्वादोन कोटींहून जास्त वस्तीच्या तैवानला नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये या नाउरूने तैवानची मान्यता मागे घेऊन चीनला दिली.

ताईंनी आणखी एक वाक्य पाठवलंय: ‘भारताने १९९२ मध्ये इस्रायलला मान्यता दिली.’ हे चूक. मान्यता १९५० सालीच दिली होती, १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. मधल्या काळात दिल्लीत इस्रायलचा राजदूत नव्हता, पण मुंबईत १९५३ पासून वकिलात (कॉन्सुलेट) होती. मान्यता म्हणजे ‘तुम्ही राष्ट्र आहात हे आम्ही मानतो’. संबंध म्हणजे एकमेकांकडे अधिकृत माणूस बसवणं. पहिलं झालं म्हणून दुसरं होतंच असं नाही. आणि दिलेली मान्यता परतही घेता येते: पश्चिम सहारातल्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ मध्ये मान्यता दिली, २००० मध्ये काढून घेतली. इथे ‘रद्द केली’पेक्षा ‘मागे घेतली’ बरं. रद्द तिकीट होतं.

तैवानचं गणित इस्रायलच्या उलट. मान्यता नाही, माणूस मात्र बसलेला आहे. १९९५ पासून दिल्लीत, २०२४ पासून मुंबईतही. कार्यालयाचं नाव ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’. त्यात तैवान नाही, वकिलात नाही, दूतावास नाही. आपलं तिकडचं कार्यालयसुद्धा ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’, म्हणजे राष्ट्राचा उल्लेख टाळून राजधानीचं नाव. इतक्या काळजीने ठेवलेल्या नावाचं भाषांतर ‘तैवानी वकिलात’ करू नका. बातमीच्या पट्टीत जागा नसेल तर ‘तैवानचं कार्यालय’ चालेल.