सही तुझी आहे

चि. बेटा,

आशीर्वाद.

आधी एक काम कर. घरातली सगळी कागदपत्रं अंगणातल्या बाजेवर पसर. दहावीची सनद, टीसी, जन्माचा दाखला, आधार, बाबांचा सात-बारा, सोसायटीचं पासबुक आणि तुझा पासपोर्ट. उन्हं कलली की बैस आणि प्रत्येक कागदावरचं तुझं, बाबांचं, आईचं नाव बोट ठेवून मोठ्यानं वाच. आईला समोर बसव. तिला लिहिता येत नसेल, पण नावात कुठं काय चुकलं हे तिच्या कानाला बरोबर कळतं.

तू परवा फोनवर विचारलंस, “काका, जर्मनीत शिकाले जायच्या व्हिसाले किती दिवस लागतात?” गावातलं प्रत्येक पोरगं हाच प्रश्न विचारतं. ते वकिलातीच्या हातात आहे. आपल्या हातात आहे ते बाजेवर पडलेलं आहे.

तुमच्या घरचं मला माहीत आहे. सात-बाऱ्यावर बाबांच्या नावाला ‘राव’ लागलेलं, आधारवर नुसतं नाव, पासबुकात ‘जी’. आपल्या वऱ्हाडात मान द्यायचा म्हणून तलाठ्यापासून मास्तरापर्यंत ज्यानं त्यानं नावाला शेपूट जोडलं. तोच मान व्हिसाच्या खिडकीवर गेला की एका बापाची तीन माणसं होतात. वरून तुझ्या आडनावात सनदेवर ‘व्ही’ आहे आणि आधारवर ‘डब्ल्यू’. ‘राव’ आणि ‘जी’चं प्रतिज्ञापत्रावर भागेल. आडनावाचं मात्र नीट दुरुस्त करून घे, गरज पडली तर राजपत्रात नाव छापून आण. त्याला आठवडे जातात, म्हणून हे पहिलं काम. कोणता कागद कशाला जुळवायचा? पासपोर्ट आणि दहावीची सनद एकमेकांशी जुळली पाहिजेत, बाकी सगळे त्यांच्या मागं.

अजून एक. पासपोर्टात तुझ्या नावाच्या रकान्यात बाबांचंही नाव आहे, आपल्याकडं तसंच असतं. जर्मनीत ते तुझंच दुसरं नाव समजतात. तिथली बँक तुला तुझ्या बापाच्या नावानं पत्र पाठवेल. हसायला येईल, पण सुधारायला जाऊ नकोस. विमानाचं तिकीट, विद्यापीठ, भाडेकरार, सगळीकडं पासपोर्टात आहे तस्संच लिही.

अमरावतीच्या त्या सल्लागारानं तुला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशी चालणारा सरकारी शिक्का, करून घ्यायला सांगितलं म्हणालीस. भारत त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली आला आणि बऱ्याच देशांना तो शिक्का चालतो, हे खरं. पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, म्हणून आपला अपोस्टिल तिथं चालत नाही. तुला लागतं ते ‘एपीएस’चं प्रमाणपत्र. तुझं शिक्षण खरं आहे की नाही हे ते दिल्लीतून तपासून देतात, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला ते सक्तीचं आहे. म्हणजे तो माणूस तुझ्याकडून दुसऱ्याच देशाच्या कामाचे पैसे घेत होता. लबाड असेल असं मी म्हणत नाही, त्याला माहीतच नसेल. पण त्यानं तुला काय फरक पडतो?

हे मी एवढं का ताणतो ते सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याची किरकिर वाटणार नाही.

आयटीआय करून मी आखातात निघालो तेव्हा माझ्या पासपोर्टावर एमिग्रेशन तपासणीचा शिक्का होता. म्हणजे नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागणार. एजंट म्हणाला, “ते झंझट काऊन करतो बे? फिरायच्या व्हिसावर जाय, तिकडे गेल्यावर बदलून भेटते.” त्यानं अर्ज पुढं केला, मी सही केली. अर्जात काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही. तिथं पोचल्यावर मालकानं पासपोर्ट काढून घेतला, व्हिसाची मुदत संपली, बदलून काही मिळालं नाही. चार महिने मी रात्री काम करून दिवसा खोलीत कोंडून राहिलो, कारण बाहेर पोलीस विचारतील. शेवटी तिथल्या सरकारनं आम माफी काढली तेव्हा रिकाम्या हातानं परत आलो. माझ्या बाबांनी दोन एकर गहाण टाकून पैसे दिले होते. ते वावर सोडवायला मला सात वर्षं लागली.

पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, १९६७ चा पासपोर्ट कायदा तसं म्हणतो. कोणत्याही मालकाला तो ठेवून घ्यायचा हक्क नाही, हे मला परत आल्यावर कळलं. आणि एजंटला जाऊन धरलं तेव्हा त्यानं अर्जच दाखवला. सही माझी होती.

दुसऱ्यांदा गेलो तो रीतसर मंजुरी घेऊन, आणि अकरा वर्षं नीट राहिलो. (तुझा चुलतभाऊ दुबईच्या गोष्टी करतो ना, त्याला सांग: नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी दिसते. आणि अमिरातीत मुदतीबाहेर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहॅम दंड पडतो. दहावी पास झालास म्हणून मंजुरीतून सुटला असशील, दंडातून नाही.)

आता पैशाचं. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्यासाठी जर्मनीनं ठरवलेला आकडा आहे वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे आजच्या भावानं बारा लाखांच्या आसपास. अर्ज भरायच्या दिवशी तो वकिलातीच्या पानावर पुन्हा बघ. हे पैसे ब्लॉक खात्यात ठेवायचे, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तुझ्या हाती येतात. मला ही पद्धत आवडते. यात नुसतं ‘दाखवायला’ काही नसतं, पैसे खरेच तिथं लागतात आणि तुझेच असतात. बाबांना हे नीट समजाव, नाहीतर त्यांना वाटेल फी भरली. उलट इंग्लंडला जाणाऱ्याला सलग २८ दिवस खात्यात रक्कम ठेवून दाखवावी लागते, आणि तिथंच ‘बॅलन्स दाखवून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा चालतो. कोणी सावकार महिनाभरापुरते पैसे टाकतो म्हणाला तर हात जोड. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून बाबांनी कधी रिटर्न भरलं नाही. कर्जाच्या वेळी बँक तेच विचारेल. सोयाबीन-कापसाच्या काटापट्ट्या आणि बाजार समितीच्या पावत्या पत्र्याच्या पेटीतून काढून वर्षाप्रमाणे लाव.

खासगी कॉलेजच्या भानगडीत पडू नकोस. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो आहेत, तरी ते खासगीपेक्षा स्वस्तच. ज्या सल्लागाराला खासगी कॉलेजकडून दलाली मिळते तो तुला सरकारीचं नाव घेऊ देणार नाही.

अर्ज पहिल्या वेळीच नीट भरायचा. आधी व्हिसा नाकारला तर वकिलातीलाच फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं, आमच्या ओळखीतल्या दोघांचं काम तसंच झालं. १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं ती सोय बंद केली. आता नवा अर्ज नाहीतर बर्लिनचं कोर्ट. म्हणून अर्जातली प्रत्येक ओळ तू स्वतः भर. हेतूच्या पत्रासाठी बाजारातला नमुना नको. तुझ्या कॉलेजच्या प्रकल्पात तू पाण्याच्या मोटारींचं जे काम केलंस तेच साध्या शब्दांत लिही. अधिकाऱ्यानं एकच प्रश्न विचारला तरी उत्तर तुझ्या तोंडून यायला हवं, पाठ केलेलं लगेच कळतं. अपॉइंटमेंट मुंबईला लागली तर एक दिवस आधी जा. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी पोचवते खरी, पण तिच्या भरवशावर त्याच दिवशीची वेळ घेऊ नकोस.

व्हिसा हातात आला की लोक पेढे वाटतात. वाट, मीही खाईन. पण त्यावरच्या तारखा वाच. ‘डी’ लिहिलेला लांब मुक्कामाचा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. तो तुला आत सोडतो. पुढं राहायचा परवाना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून काढावा लागतो, तोही व्हिसा संपायच्या आत. वेळेत अर्ज केला असेल आणि कार्यालयाकडून निकाल आला नसेल, तर तुझा जुना हक्क चालू राहतो आणि ते तसा एक कागद देतात. त्या कागदावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघ. ‘परवाना पुढं चालू’ या चौकटीत असेल तरच मधे गावी येऊन परत जाता येतं. कोणी म्हणालं ‘कागद आहे ना, जा’, तरी चौकट वाचल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर प्रवेशपत्र, ब्लॉक खात्याची पावती, विमा आणि राहायचा पत्ता हातातल्या पिशवीत हवेत. मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीखाली नको. काऊन आलीस, असं विचारलं तर “शिकायला” एवढंच. नोकरीच्या गोष्टी तिथं काढू नकोस. अमेरिकेला जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: व्हिसा तिथंही विमानतळाच्या दारापर्यंत नेतो, किती दिवस राहायचं ते आत सोडताना आय-९४ नावाच्या प्रवेशनोंदीवर ठरतं.

खोली घेताना भाड्याआधी एकच विचार: पत्त्याची नोंदणी करू देता का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाची चिठ्ठी लागते. नाही म्हणणारी खोली पन्नास युरोनं स्वस्त असली तरी सोड. त्या नोंदणीशिवाय परवान्याचं काम पुढं सरकत नाही. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. वहीत मांड, आपण मजुरांची हजेरी मांडतो तशी. स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स परवानगीशिवाय नाही, मग पैसे भारतातल्या खात्यावर येवोत की तिथल्या.

आणि जे कोणी सांगत नाही ते. घरी कोणाचं दुखणं निघालं, तू आलीस, आणि सहा महिन्यांच्या वर इथंच राहिलीस, तर तिथला परवाना आपोआप जातो. निघायच्या आधी कार्यालयाकडून जास्त मुदत लिहून घेतली असेल तरच टिकतो. बाबांचं बीपी तुला माहीत आहे, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवलं.

आई-बाबा तुला भेटायला येतील ते छोट्या व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. उतरायचा दिवसही मोजायचा आणि निघायचाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी संगणकात नोंद व्हायला लागली आहे. म्हणजे पुसट शिक्क्याचा फायदा घेणाऱ्यांचे दिवस गेले, आणि बाबांसारख्या बोटावर दिवस मोजणाऱ्यांची चूकही आता मशीन पकडेल. त्यांची परतीची तिकिटं तूच काढ, ८५व्या दिवसाची.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्याचं तेव्हा बोलू.

गुरुवारी मी धामणगावच्या बाजारात आहे. पासपोर्ट आणि सनद घेऊन ये, त्या ‘व्ही’-‘डब्ल्यू’चं सेतू केंद्रावर बसून लिहून काढू. एपीएसचा अर्ज भरून ठेव, पण पाठवू नकोस, आधी एकदा मला वाचून दाखव. आणि बाबांना म्हणावं, दुकानाच्या दोन चकरा कमी मारा.

तुझा काका