ग्लोव्हज घरी ठेवून ये

पोरी,

तुझा मेसेज चारदा वाचला. बॉक्सिंगचं राज्य अजिंक्यपद मिळवलेली मुलगी तू, आणि बारा-तेरा वर्षांची कार्टी ऐकत नाहीत म्हणून शिकवणं सोडून पुन्हा रिंगमध्ये उतरते म्हणतेस. उतर, कोण अडवतंय! पण कारण तरी खरं सांग. परवा परळच्या हॉलच्या दारात मी अर्धा तास उभा होतो, तुला पत्ताही नव्हता. अख्खा वेळ तू जॅब, पुढच्या हाताचा तो सरळ ठोसा, मारून दाखवत होतीस. देखणा आहे तुझा जॅब. पण पोरांकडे एकदाही बघितलं नाहीस.

मीही हेच केलं, म्हणून बोलतोय. लालबागचा एक डावखुरा पोरगा यायचा. उजवा पाय पुढे टाकून उभा राहायचा, त्याच्यासाठी तेच बरोबर होतं. मी त्याचे पाय बदलले, कारण माझी पदकं डावा पाय पुढे ठेवून आली होती. आता तू म्हणशील, सर, असं कसं केलंत? अगं, चाळीस पोरं, दोन पंचिंग बॅगा, बाकी सगळे उजवे, आणि डावखुऱ्याला पॅडवर घ्यायला, म्हणजे हातात पॅड धरून त्याचे ठोसे झेलायला, मला येतच नव्हतं. कारणं खोटी नाहीत, आजही मला पटतात. पण पोरगा दीड वर्षात बॉक्सिंग सोडून गेला. गेल्या गणपतीत भेटला तर भर रस्त्यात वाकून पाया पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमेरिकेचा नावाजलेला प्रशिक्षक फ्रेडी रोचही उजवाच लढायचा. 2001 मध्ये त्याच्याकडे फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ आला. डावखुरा, सगळी भिस्त डाव्या हातावर. रोचने पायांना हात लावला नाही, पॅडवर घेऊन घेऊन त्याचा उजवा हात तयार केला. आधी बघितलं, मग शिकवलं.

रोचचा गुरू एडी फच. 1933 मध्ये डेट्रॉईटला गोल्डन ग्लोव्हज ही हौशी बॉक्सरांची स्पर्धा जिंकला, मग हृदयात दोष निघाला आणि व्यावसायिक बॉक्सिंग राहूनच गेलं. त्याने रोचला वेळीच सांगितलं होतं, आता थांब. रोच थांबला नाही, लढत राहिला, हरत राहिला. पुन्हा उतरायचं म्हणतेस ना, म्हणून हे सांगितलं. आणि 1 ऑक्टोबर 1975, मनिला, अली आणि फ्रेझर. फच फ्रेझरचा प्रशिक्षक. चौदा राऊंड झालेले, एकच उरलेला. फ्रेझर उठायला तयार. त्याचा एक डोळा आधीच अधू, दुसरा सुजून मिटलेला. येणारे पंच त्याला दिसत नव्हते, ते फचला दिसलं. त्याने लढत थांबवली.

पतियाळाचा प्रशिक्षकाचा कोर्स जरूर कर, नोकरीला लागतो. पण बघायचं कसं ते कुठल्या वर्गात बसून येत नाही. तुझी ती लाल टी-शर्टवाली मुलगी. तिला सहा वेळा ओरडलीस, 'गार्ड वर, गार्ड वर!' तिचे ग्लोव्हज बघितलेस? मोठ्या भावाचे असावेत, मनगटाला सुतळीने बांधलेले. दोन मिनिटांत हात खाली येणार नाही तर काय होणार? मला दारातून दिसलं, तू तिच्यापासून चार फुटांवर होतीस.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्याकडे ये. ग्लोव्हज घरी ठेव. तासभर बाकावर बसायचं, तोंड बंद. पोरं गेल्यावर मी एकेकाबद्दल विचारीन. चहा त्यानंतर.

तुझा सर