"मला येतच नाही" म्हणून मुलीने चित्र काढायचंच सोडलं

आवडीने चित्रं काढणारं मूल अचानक चित्र काढायचं का सोडतं, हा प्रश्न मला पालकांकडून सारखा येतो, म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय, आईची परवानगी घेतलीय आणि ओळखीचे तपशील बदललेत. मुलगी नऊ वर्षांची. शाळा सुटल्यावर एका सेंटरमधल्या चित्रकलेच्या वर्गाला आवडीने जायची, आणि अचानक नाही म्हणायला लागली, जबरदस्तीने पाठवलं तर रडायची, काढलेलं चित्र फाडून टाकायची. आईचं म्हणणं, "आधी दिवसभर कागद खडू घेऊन बसायची हो, आता आळशी झालीय की आमचंच काही चुकतंय?"

मी चित्रांची फाईल मागवली. जुन्या चित्रांत कागद भरून माणसं, कुणाला सात बोटं कुणाला तीन, कशाची फिकीर नाही. अलीकडच्या चित्रांत माणूस एवढुसा, खाली कोपऱ्यात, आणि प्रत्येकाचे हात पाठीमागे नाहीतर खिशात. एका कागदावर हाताच्या जागी खोडरबरने घासून घासून भोकच पडलेलं. मी विचारलं, याचे हात कुठे गेले गं? तर म्हणाली, "हात मला येत नाहीत." बस, एवढंच!

हा आळस नाहीये. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच मांडलंय की साधारण नऊ ते बारा या वयात मुलांना चित्र खऱ्यासारखं यावं असं वाटायला लागतं आणि ती स्वतःच्या चित्राला नावं ठेवायला लागतात. डोळ्याला कळतंय पण हाताला अजून जमत नाही, त्यातून ही चिडचिड होते. म्हणजे मुलीची नजर तयार होतेय, आईला मी हेच आधी सांगितलं कारण ती बिचारी फारच घाबरली होती.

पण वयावरच सगळं ढकलून चालणार नव्हतं. वर्गात काय चालतं ते विचारलं तर ताई नमुना दाखवणार, सगळ्यांनी तेच फुलपाखरू करायचं, प्रदर्शनात बरं दिसावं म्हणून कडा शेवटी ताईच नीट करून देणार, आणि छान तीन चित्रांना स्टिकर. हेतू चांगलाच होता. पण ज्या मुलाला आधीच वाटतंय की मला येत नाही, त्याच्या चित्रावर मोठ्या माणसाने पेन फिरवला की त्याची खात्रीच पटते ना. आणि स्टिकरचं म्हणाल तर 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग आहे, स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. ज्या मुलांना चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल असं आधी सांगितलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात स्वतःहून कमी चित्रं काढायला लागली, अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांचं मात्र तसं झालं नाही. आवडीच्या कामाला आधीच बक्षीस लावलं की लक्ष बक्षिसाकडे जातं.

वर्गातल्या ताई खरंच समजूतदार निघाल्या. स्टिकर बंद केले, नमुना दाखवायचं बंद केलं, मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही असं ठरलं. मग एक खेळ घेतला, स्वतःच्या हाताकडे बघायचं, कागदाकडे अजिबात नाही, आणि पेन्सिल न उचलता हळूहळू रेघ ओढत जायची. सगळ्यांचेच हात वेडेवाकडे आले, ताईंचाही! त्यानंतर मोठा रोल अंथरला, एकाने झोपायचं, दुसऱ्याने त्याच्या कडेने रेघ मारायची आणि आतलं सगळ्यांनी मिळून रंग, कापड, जुने कागद चिकटवून भरायचं. या मुलीने मैत्रिणीच्या हाताभोवती रेघ मारली आणि ओरडली, "अंगठा किती खालून निघतो!" नखं, सांध्यावरच्या रेषा, सगळं बारीक बारीक भरलं, चेहऱ्याकडे बघितलंही नाही.

आईला घरी एवढंच करायला सांगितलं की नुसतं "वा, मस्त" म्हणू नका. जे दिसतंय ते बोला, "इथे निळ्यात हिरवा मिसळलास वाटतं", किंवा "यातलं आधी काय काढलंस?" असं विचारा. शेजारच्या मुलीच्या चित्राचं नाव काढू नका, आणि एखाद्या दिवशी नाही काढलं तर नाही काढलं, मागे लागू नका. माती, ठसे, कोलाज असलं काहीतरी हाताशी असू द्या, त्यात खऱ्यासारखं दिसलंच पाहिजे असं काही नसतं.

मुलगी परत वर्गाला जाते. कागद अजूनही कधीकधी फाडते, पण लगेच दुसरा घेते, माझ्या मते हे पुरेसं आहे. मात्र चित्रासोबत खेळणं, मैत्रिणी, झोप, जेवण हेही सुटत चाललं असेल, किंवा वर्गातल्या एखाद्या माणसाचं नाव काढलं की मूल गप्प होत असेल, तर तो प्रश्न चित्रकलेचा नाही, मग वाट बघत बसू नका, मुलाला घेऊन समुपदेशकाला भेटा.