गंजलेला वस्तरा बफिंगला देऊ नका

मालवणच्या घरात माळ्यावर आजोबांचा सोलिंगेनचा (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) वस्तरा सापडला, आमसुलाच्या पाण्यात ठेवूनही गंज निघाला नाही, तर आता बफिंगवाल्याकडे, म्हणजे फिरत्या चाकावर पॉलिश करणाऱ्याकडे, देऊ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात देऊ नका.

आधी आमसुलाचं बघा. पितळेला ते चालतं, पोलादाला नाही. त्यात आम्ल असतं आणि बऱ्याचदा मीठही. पातं आजच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि शिलाई मशीनचं तेल लावा.

आता बफिंग. पातं धारेजवळ कागदासारखं पातळ असतं, फिरत्या चाकावर क्षणात तापतं. साधारण 200 अंशांच्या वर गेलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरू लागतं. आधी पिवळसर छटा येते, 300च्या आसपास निळी. पण तेच चाक ती छटा पुसूनही टाकतं, त्यामुळे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडच्या एका पॉलिशवाल्याने चांगला शेफिल्डचा (इंग्लंड) वस्तरा असाच लखलखीत करून हातात ठेवला. जाब विचारला तर म्हणे, "गंज गेला ना?" अशा पात्याला पथरीवर धार लागते, पण एका दाढीतच बोथट होते. घरी पुन्हा पाणी द्यायला जाल तर पातं वाकडं होईल. या लोकांना चमक कळते, धार कळत नाही, हे माझं स्पष्ट मत.

हातानेच घासा. तेल लावून रात्रभर ठेवा. मग पातं लाकडी ठोकळ्यावर सपाट टेकवा, धार ठोकळ्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. वॉटर पेपर 600, 1000, 2000 नंबर या क्रमाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), तेलासकट. खड्डे खोल असतील तर 400पासून. पात्याच्या खोलगट पोटातले काळे डाग राहिले तर राहू द्या, दाढीला त्यांची अडचण नाही. खड्डा ऐन धारेवर असेल तर मात्र तिथे दाता, म्हणजे खाच, पडतो. 10 पट भिंगातून बघा. दाता निघून जाईपर्यंत 1000 नंबरच्या पथरीवर घासावं लागतं. तो मिलिमीटरभर खोल असेल तर मी त्या पात्याच्या नादी लागणार नाही. हे सगळं साध्या कार्बन पोलादाबद्दल, सोन्याची नक्षी असेल तर तिथे कागद लावू नका.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा बरा. खोबरेल नको, खवट होतं. मुठीतल्या खिळीपाशीही तेलाचा थेंब सोडा, खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) असून ठिसूळ झाली असेल तर ती काढून टाका. तिच्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या वस्तऱ्यालाही खातं.